वजन उतरवताना स्नायू वाढवायचे, तर सप्लिमेंट लागतंच का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते कळेल. विचारणारे ३६ वर्षांचे आहेत. उंची ५ फूट ८ इंच, वजन ८८ किलो. चाकणच्या कंपनीत शिफ्टची नोकरी, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. वडिलांना मधुमेह आहे आणि यांची स्वतःची एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ५.९, म्हणजे काठावर आली, तेव्हा घाबरून जिम लावली. अंडी खातात, मटण-चिकन-मासे नाही. गुरुवारचा उपास असतो. दीड महिना झाल्यावर ट्रेनरने चिठ्ठी हातात दिली: व्हे आयसोलेट, बीसीएए, ग्लुटामिन, क्रिएटिन, फॅट बर्नर, मल्टिव्हिटॅमिन. महिन्याचा खर्च साडेनऊ हजार. "हे घेतलं नाही तर वजनाबरोबर मसलही जाईल, सगळी मेहनत पाण्यात," असं सांगितलंय. विचारतात, हे खरंच लागतं का?

माझं उत्तर: चिठ्ठीतल्या सहापैकी चार गोष्टी आजच खोडा. एक तुमच्या सोयीसाठी ठेवता येईल. एक स्वस्त आहे, तुमच्यासारख्या शाकाहारी माणसाला उपयोगाची आहे, पण तिच्यावाचूनही काम अडत नाही. स्नायू टिकवण्याचं आणि वाढवण्याचं खरं काम तुम्ही उचललेलं वजन, ताटातलं प्रोटीन आणि झोप ही तिघं करतात. मी १९ वर्षं पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय, त्यातली बरीचशी जिमला जाणाऱ्यांबरोबर आणि खेळाडूंबरोबर गेली. या तिघांपैकी एकही जागेवर नसताना निव्वळ डब्याच्या जोरावर कुणाचं शरीर सुधारलेलं मी पाहिलेलं नाही.

ट्रेनरच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे, तिच्यापासून सुरुवात करते. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर गेलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही असतात. म्हणजे ८ किलो उतरले तर त्यातले २ किलो नको तिथून गेलेले असू शकतात. आपल्या लोकांना हे जास्त महाग पडतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर दोघं सारखे आणि आतून इतके वेगळे. आपल्याकडे मूळचेच स्नायू कमी आणि चरबी जास्त. त्यात जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच खेचून घेतात. तुमची साखर काठावर आलेली असताना स्नायू गमावून वजन उतरवणं म्हणजे भिंत पाडून घर मोठं करणं. म्हणून "वजन कमी करायचं" एवढंच न ठरवता स्नायू वाढवायचं तुम्ही मनात धरलंत, हे फार चांगलं केलंत.

आता, कमी खाऊन स्नायू वाढतातच कसे? पुष्कळ जण म्हणतात की आधी चरबी घालवा, मग मसलचं बघू. तुमच्या बाबतीत तशी गरज नाही. पोटावर साठलेली चरबी हे साठवलेलं इंधनच आहे, रोज ४००-५०० कॅलरी कमी पडल्या तर शरीर तिथून उचलतं. स्नायू बांधायला लागतं ते प्रोटीन, आणि "इथे बांधा" असा हुकूम लागतो, तो वजन उचलल्यावर मिळतो. ज्याच्या अंगावर चरबी जास्त आहे, जो व्यायामाला नवा आहे किंवा बऱ्याच वर्षांनी परत आलाय, त्याला दोन्ही एकाच वेळी साधतं. तुम्ही यात चपखल बसता. आधीच सडपातळ असलेल्या आणि पाच-सहा वर्षं नेटाने व्यायाम करणाऱ्याला हे जड जातं, त्याचा हिशोब वेगळा.

२०१६ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा एक अभ्यास आला, तो मी येणाऱ्या बहुतेकांना सांगते. जाड अंगाचे ४० तरुण घेतले. चार आठवडे त्यांच्या कॅलरी तब्बल ४० टक्क्यांनी कापल्या आणि आठवड्याचे सहा दिवस कडक व्यायाम करून घेतला. अर्ध्यांना शरीराच्या दर किलोमागे १.२ ग्रॅम प्रोटीन, अर्ध्यांना २.४ ग्रॅम. जास्त प्रोटीनवाल्यांचे स्नायूंच्या बाजूचे १.२ किलो वाढले आणि चरबी ४.८ किलो गेली. जिमवाले हा आकडा सांगून डबा विकतात. पण दुसऱ्या गटाकडे बघा. त्यांचीही साडेतीन किलो चरबी गेली आणि इतकी उपासमार असूनही स्नायू घटले नाहीत. त्यांना कुणी वाचवलं? व्यायामाने. प्रोटीनने त्यावर भर घातली.

प्रोटीनच्या पावडरीने किती फरक पडतो, याचंही उत्तर आहे. २०१८ साली ४९ अभ्यास एकत्र करून, म्हणजे १,८६३ माणसांचे आकडे मांडून, हिशोब केला गेला. वजनं उचलणाऱ्यांच्यात ज्यांनी वरून प्रोटीन घेतलं आणि ज्यांनी घेतलं नाही, त्यांच्यातला सरासरी फरक होता ३०० ग्रॅम. ते लोक वजन उतरवत नव्हते, पोटभर खात होते, हे लक्षात ठेवून वाचा. किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रोटीन वाढवून फायदा वाढत नाही, हेही त्याच हिशोबातून पुढे आलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या सूचना काढल्या, त्यांतही हीच मर्यादा सांगितली आहे आणि पावडरी नेमाने घेऊ नका असा सल्ला आहे. पावडर सर्रास प्रत्येकाला द्यायची नाही, इथवर मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. माझं थोडं वेगळं मत कुठे आहे ते पुढे येईल.

आता तुमचं ताट मोजू. तुमचं उतरून गाठायचं वजन ७४ किलोच्या आसपास धरते. चरबीला प्रोटीन लागत नाही, म्हणून हिशोब ८८ वर करायचा नाही. ७४ गुणिले १.६, म्हणजे ११८. सोयीसाठी ११० ते १२० ग्रॅम. साध्या तब्येतीच्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं असं आपल्याकडचं प्रमाण आहे. तुम्ही एकाच वेळी खाणं कापताय आणि वजनं उचलताय, म्हणून तुमची गरज त्याच्या जवळपास दुप्पट.

तुम्ही लिहिलेला एक दिवस मी पानावर मांडला. सकाळी बशीभर पोहे आणि चहा, सगळे मिळून १० ग्रॅम. कंपनीच्या कँटीनमध्ये चार चपात्या, एक वाटी उसळ, भाजी, थोडा भात, ताक: २८. संध्याकाळी चहा-बिस्किटं: ३. रात्री तीन चपात्या, भाजी, वरण-भात: १९. बेरीज ६०. पोट भरलेलं, ताटात काही कमी दिसत नाही आणि तरी गरजेच्या निम्मं. मराठी शाकाहारी ताटात हे हमखास दिसतं. "आम्ही रोज वरण खातो की!" हे वाक्य तर मी दिवसातून एकदा ऐकते. माझ्या टेबलावर छोटा डिजिटल काटा ठेवलेला असतो. समोरच्याला मी घरी घालता तेवढी तूरडाळ वाटीत घाला म्हणते. चौघांच्या वरणासाठी बहुतेक जण घालतात ती डाळ ८० ते १०० ग्रॅम भरते. म्हणजे माणशी २०-२५ ग्रॅम डाळ, आणि त्यातून मिळतं जेमतेम ५ ग्रॅम प्रोटीन. पातळ वरणाची वाटी भरलेली दिसते, पण तिच्यात मुख्यतः पाणी असतं.

आता याच ताटात काय हलवता येईल ते बघा. सकाळी पोहे अर्धेच घ्या आणि सोबत दोन अख्खी अंडी आणि दोन पांढरे बलक, म्हणजे २२ ग्रॅम. कँटीनमध्ये चपात्या चारच्या तीन करा, भात सोडा, उसळ दोन वाट्या घ्या. वाढणाऱ्याला रस्सा कमी आणि कडधान्य जास्त घालायला सांगा, तो घालतो. घरून गाईच्या दुधाचं २०० ग्रॅम दही डब्यात न्या. दुपार गेली ३३ वर. संध्याकाळी बिस्किटांऐवजी ४० ग्रॅम फुटाणे, चहासकट ११. रात्री दोन चपात्या, घट्ट वरण आणि ४० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांची भाजी, ३२. बेरीज ९८.

सोयाबीनच्या वड्यांबद्दल एक शब्द. किराणा दुकानात सुट्या मिळतात, १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं आणि चरबी नावाला. स्वस्त आणि इतकं दाट दुसरं शाकाहारी काही आपल्या बाजारात मला माहीत नाही. गरम पाण्यात मीठ घालून भिजवा, पिळून ते पाणी टाकून द्या, परत एकदा धुऊन पिळा आणि मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात टाका, वास राहत नाही. "पुरुषांनी सोया खाऊ नये, हार्मोन बिघडतात" असं जिममध्ये सांगतात. रोज ४०-५० ग्रॅम वड्यांनी पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी होतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मनमोकळेपणी खा. शेंगदाण्याचं मात्र उलटं. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रोटीन, हे खरं, पण साडेपाचशेच्या वर कॅलरीही. मूठभर ठीक, प्रोटीनसाठी त्यावर विसंबू नका. पनीर त्या दोघांच्या मधे.

गुरुवारी गाडी घसरते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, खिचडीत जे थोडं प्रोटीन असतं ते दाण्याच्या कुटाचं. दोन वेळा खिचडी, वर बटाट्याचे काप, म्हणजे कॅलरी पुरेपूर आणि प्रोटीन पंचवीसही नाही. उपास सोडा असं मी कुणाला सांगत नाही. त्या दिवशी राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, भगरीबरोबर दाण्याच्या आमटीऐवजी दह्याची कढी, दुपारी पनीर आणि रात्री वाटीभर चक्का घ्या. चक्का घरीच बांधा. दीड लिटर गाईच्या दुधाचं दही फडक्यात रात्रभर टांगलं की सकाळी ४०० ग्रॅमच्या आसपास मिळतो, साखर न घालता मीठ-जिऱ्याची पूड टाकून खाल्ला तर छान लागतो.

आता ९८ वर २० ग्रॅम कमी पडतात. इथे व्हे येतं. व्हे म्हणजे कुठलं औषध नाही. दूध फाडून चीज केल्यावर जी निवळी उरते, तिच्यातलं प्रोटीन वेगळं काढून वाळवलेली भुकटी. (म्हणून चक्क्याखालचं पाणी पिऊन भागेल असं समजू नका. त्या पाण्याच्या १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रोटीन नसतं.) डब्यातल्या मापाच्या एका चमच्यात साधारण २४ ग्रॅम प्रोटीन आणि १२०-१३० कॅलरी. तुमच्यासाठी त्याची खरी किंमत सोयीत आहे. पहिल्या शिफ्टला पहाटे बस पकडताना अंडी उकडायला वेळ नसतो, तेव्हा पाण्यात एक चमचा हलवून पिता येतं. पोषण संस्थेच्या सल्ल्याशी माझं थोडं वेगळं मत आहे ते इथे. ज्याला ताटातून भागवता येत नाही त्याने चांगल्या डब्यातला एक चमचा घेतला, तर मला त्यात गैर वाटत नाही. ६० वरून ११८ वर पावडरीनेच उडी मारायची, दिवसाला अडीच चमचे, हे मला पटत नाही. असे लोक डबा संपला की परत ६० वर येतात, कारण ताट कधी बदललेलंच नसतं. पहिले चार आठवडे डबा आणू नका. ताट ९५-१०० वर स्थिरावू दे. तरी खड्डा राहिला तर एक चमचा. दोन वाट्या चक्का खायची तयारी असेल तर तोही नको.

घ्यायचंच ठरलं तर आयसोलेटला, म्हणजे दुधातली साखर जवळपास काढून टाकलेल्या व्हेला, जादा पैसे घालू नका. दूध पिऊन तुमचं पोट बिघडत नाही असं लिहिलंय, मग साधं कॉन्सन्ट्रेट पुरतं. डब्याच्या मागचा तक्ता वाचा. ३३ ग्रॅमच्या चमच्यात २४ ग्रॅम प्रोटीन असेल तर ठीक. ५० ग्रॅमच्या चमच्यात १५ ग्रॅम असेल तर तो गेनर आहे, म्हणजे मुख्यतः पिठूळ साखर, तुम्हाला नेमकी नको असलेली गोष्ट. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं घातलेलं दिसलं तर डबा खाली ठेवा. प्रोटीन मोजायच्या नेहमीच्या चाचणीत नायट्रोजन मोजतात आणि ही स्वस्त अमिनो आम्लं घालून तो आकडा फुगवता येतो. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक तिच्या संकेतस्थळावर टाकून बघा. हे इतकं बारकाईने सांगायचं कारण आहे. केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी प्रयोगशाळेत तपासून २०२४ साली निष्कर्ष छापले. त्यातल्या २५ डब्यांवरचं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळत नव्हतं. काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विषही निघालं.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा निम्म्या किमतीत मिळालेला डबा घेऊन माझ्याकडे आला होता, पोट सारखं फुगतं म्हणून. झाकण उघडलं तर आतलं सील कडेने दोनदा चिकटवलेलं दिसत होतं, गोंदाची रेघ बोटाला लागत होती. चमचाभर पावडर कोमट पाण्यात टाकली, पाच मिनिटांत तळाला पांढरा चिकट थर बसला. त्यावर घरातला आयोडिनचा थेंब टाकला, तर थर निळा-काळा झाला. पिष्ट. शाळेच्या प्रयोगशाळेतला प्रयोग, पण त्या मुलाचा चेहरा मी विसरलेले नाही. त्याने ते तीन महिने रोज दोन वेळा घेतलं होतं आणि त्यासाठी घरून पैसे मागितले होते.

चिठ्ठीतलं दुसरं ठेवण्याजोगं म्हणजे क्रिएटिन. इतका भरपूर आणि इतकी वर्षं अभ्यासलेला दुसरा पदार्थ या बाजारात नाही. स्नायूंत ते नैसर्गिकपणे असतंच, झटक्यात ताकद लावताना इंधन पुरवतं. आहारातून ते मांस-माशांतून मिळतं, म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा कमी असतो आणि त्याला फरक जास्त जाणवतो. काय फरक? जिथे आठ वेळा उचलून थांबत होतात तिथे नऊ-दहा होतात. महिनोन्महिने साठलेल्या त्या एक-दोन जादा वेळांतून स्नायू वाढतात. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ग्रॅम, कुठल्याही वेळी, पाण्यातून. सुरुवातीला दिवसाला २० ग्रॅम घ्यायची गरज नाही, ३ ग्रॅमने चार आठवड्यांत साठा भरतो. खर्च दिवसाला दहा रुपयांच्या आसपास.

पण दोन गोष्टी आधी माहीत असू द्या, नाहीतर घाबराल. पहिली, सुरुवातीच्या आठवड्यांत काट्यावर किलोभर वाढू शकतं. ते स्नायूंच्या आत ओढलेलं पाणी आहे, चरबी नव्हे. दुसरी, रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिनचा आकडा (किडनी कशी चालते ते यावरून बघतात) थोडा वर दिसतो, कारण क्रिएटिन मोडून क्रिएटिनिनच तयार होतं. माझ्याकडे येणाऱ्या एका बँकेतल्या गृहस्थांचं क्रिएटिनिन १.४ आलं, आणि "किडनी गेली" म्हणून घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. किडनीच्या डॉक्टरांनी क्रिएटिन बंद करायला सांगून महिन्याने परत तपासलं, सोबत सिस्टॅटिन सी ही दुसरी चाचणी केली, लघवी पाहिली. सगळं व्यवस्थित होतं. म्हणून सुरू करण्याआधीच एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. तुमची साखर काठावर आहे, ही तपासणी एरवीही करायला हवीच. किडनी निरोगी असेल तर १२० ग्रॅम प्रोटीनने किंवा ३ ग्रॅम क्रिएटिनने तिला इजा होते असं दिसलेलं नाही. किडनीत आधीच दोष असेल तर मात्र माझं हे सगळं उत्तर तुम्हाला लागू नाही, तुमचे डॉक्टर सांगतील ते प्रमाण.

बीसीएए आणि ग्लुटामिन खोडा. ही प्रोटीनचेच तुकडे असलेली अमिनो आम्लं आहेत, उसळीत, अंड्यात, दह्यात ती आहेतच. पूर्ण भिंत बांधायला विटांचे सगळे प्रकार लागतात, तिथे तीनच प्रकारच्या विटांचा ट्रक मागवून काय होणार?

फॅट बर्नरला मात्र हातसुद्धा लावू नका, इथे मी मवाळपणे बोलणार नाही. बहुतेकांत मुख्य ऐवज कॅफिनचा असतो, शिवाय ग्रीन टीचा अर्क, ज्याच्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तुमच्यासारख्याची शिफ्टमुळे आधीच विस्कटलेली झोप त्याने पार जाते. आणि लेबलवर नसलेलं काय आत आहे, ते कळत नाही. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० साली युरोप-अमेरिकेत मागे घेतलं गेलं, भारतात २०११ साली त्यावर बंदी आली, आणि त्यानंतरही जगभर वजन उतरवणाऱ्या गोळ्यांमध्ये ते लपवून घातलेलं सापडत आलंय. व्यायामाआधी तरतरी हवी असेल तर कपभर काळी कॉफी प्या, रात्रपाळीनंतर झोपायचं असेल तर तीही नको. आणि जिममध्ये कुणी "इंजेक्शनने पंप येतो" म्हणालं तर ती जिम बदला. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब सावरायला वापरायचं मेफेंटरमीन आपल्याकडे जिमच्या पोरांना विकलं जातं, त्या पोरांना मी अतिदक्षता विभागात पाहिलंय.

मल्टिव्हिटॅमिनची गोळी आंधळेपणाने घेण्यापेक्षा बी १२ आणि डी तपासा. मांस-मासे न खाणाऱ्यांत बी १२ कमी असणं आपल्याकडे फार सर्रास आहे. दिवसभर शेडमध्ये किंवा रात्रपाळीला असणाऱ्यांचं डी बहुधा तळाला असतं. पायात गोळे, चढताना दम, व्यायामानंतर दोन-दोन दिवस अंग मोडून येणं, हे "प्रोटीन कमी" म्हणून अंगावर काढलं जातं आणि रिपोर्टमध्ये डी ९ निघतं. कमतरता निघाली तर डॉक्टरांकडून मात्रा आणि मुदत लिहून घ्या. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडेच घ्यायची असते, वर्षानुवर्षं नव्हे. हे एकमेव सप्लिमेंट मी तुमच्यासाठी "लागेल" या यादीत टाकते, तेही रिपोर्ट बघून. उद्या डॉक्टरांनी साखरेसाठी मेटफॉर्मिन सुरू केलं तर बी १२ वर जास्त लक्ष ठेवा, त्या औषधाने ते कमी होत जातं.

व्यायामाबद्दल तुम्ही लिहिलंय की पाऊण तास ट्रेडमिल आणि मग "थोडी मशिनं". हे उलटं करा. आठवड्यातून तीन दिवस, आधी वजनं. बैठक, खाली वाकून वजन उचलणं, छातीपासून ढकलणं, स्वतःकडे ओढणं, डोक्यावर उचलणं. पाच हालचाली, प्रत्येकी तीन सेट, शेवटच्या दोन वेळा खरंच जड गेल्या पाहिजेत. वीस रुपयांची वही घ्या आणि आज किती किलो किती वेळा उचललं ते लिहा. दोन आठवड्यांनी तोच आकडा दिसत असेल तर स्नायूंना वाढायचं कारणच मिळालेलं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांची वही मी काट्याच्या आधी बघते. घाईही नको. नॉर्वेच्या खेळाडूंवर एक अभ्यास झाला, त्यात आठवड्याला वजनाच्या ०.७ टक्के उतरवणाऱ्यांचे स्नायू २ टक्क्यांनी वाढले, दुप्पट वेगाने उतरवणाऱ्यांचे वाढले नाहीत. तुमच्यासाठी ०.७ टक्के म्हणजे आठवड्याला ६०० ग्रॅम.

आणि झोप. शिकागो विद्यापीठात २०१० साली जाड असलेल्या दहा जणांना तेवढंच कमी अन्न देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणात ठेवलं. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, तीन किलोच्या आसपास. पण कमी झोपेच्या दोन आठवड्यांत चरबी निम्म्याहून कमी गेली आणि स्नायू जास्त गेले. खाणं तेच, काट्यावरचा आकडा तोच, फक्त झोप बदलली होती. तुमचे साडेनऊ हजार कुठे घालायचे असतील तर झोपायच्या खोलीच्या खिडकीला जाड काळा पडदा लावा. रात्रपाळीहून आल्यावर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, घरच्यांना दुपारी एकपर्यंत दार वाजवू नका म्हणून सांगा. रात्रपाळीच्या आठवड्यात व्यायाम दोनच दिवस झाला तरी चालेल, झोप कापून जिमला जाऊ नका.

ट्रेनरशी वाकडं घेऊ नका. चिठ्ठीतला एखादा डबा खपला की त्याला कमिशन मिळतं, पगार तुटपुंजा असतो, मला ते कळतं. त्याला म्हणा, मला बैठक आणि वजन उचलणं नीट शिकवा, त्याचे पैसे देतो. चांगला ट्रेनर यावर खूश होतो.

या आठवड्यात उपाशीपोटी रक्त द्या: बी १२, डी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. आज बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि दर रविवारी सकाळी परत मोजा. आठ आठवड्यांनी तो घेर, वहीतले बैठकीचे किलो आणि रिपोर्ट मला कळवा. काट्यावर तीनच किलो कमी दिसले आणि पट्टा दोन भोकं आत गेला असेल, तर जसं चाललंय तसंच पुढे चालू द्यायचं.